बांधणारा आणि सोडवणारी

हे मनन पावसाळ्यातलं आहे. आषाढ सरत आलेला असावा, दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेलेले असावेत आणि आभाळ भरलेलं असलं तरी तासाभराची उघडीप असावी. बीड जिल्ह्यात अशी वेळ ठरवून मिळत नाही. मिळाली की बसावं.

जागा नारायणगडाच्या आसपासची. बालाघाटच्या डोंगराळ मुलखातलं हे ठाणं. नगद नारायणाचा हा गड वारकरी मंडळी धाकटी पंढरी म्हणून ओळखतात. एकादशीला इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मननासाठी एखादा साधा दिवस निवडा. दर्शन घ्या आणि मग माळाकडे वळा. पायाखाली मुरूम, त्यावर वीतभर माती, मधेमधे काळा दगड उघडा पडलेला. अशा हलक्या रानात तग धरणारा पळस शोधा. बांधावर, ओढ्याच्या काठाला, पडीक जमिनीत पाहा. मग त्याच्याच जवळपास मोडून पडलेली एखादी फांदी किंवा जुनं खोड शोधा, पावसाने चिंब झालेलं. लाकूड कोणत्याही झाडाचं चालेल. त्याच्या सालीवर नखाएवढ्या, करड्या-पांढऱ्या, केसाळ पंख्यांची रांग दिसली की तुमची बैठक ठरली.

पळसाचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. या पंख्यांचं नाव शायझोफायलम कम्यून. अंटार्क्टिका सोडला तर जगातल्या प्रत्येक खंडावर ती सापडते. आपण तिला इथे नुसतं पंखाबुरशी म्हणू. ती दिसली नाही आणि लाकडाला चिकटलेली दुसरी एखादी कडक बुरशी दिसली, तरी बसायला हरकत नाही.

दोघांच्या मधे बसा. एका बाजूला उभं झाड, दुसऱ्या बाजूला आडवं लाकूड. खिशात ज्वारीच्या भाकरीचा एक कोरडा तुकडा असू द्या, पुढे लागेल. बुरशीला हात लावला तरी चालेल, पण नाक लावून हुंगू नका आणि तोंडात तर मुळीच घालू नका. त्याचं कारण ओघात येईल.

आता घाई सोडा. पाच-सहा श्वास नुसते येऊ द्या, जाऊ द्या.

आधी वर पाहा

पळसाचं एक पान हातात धरा. तोडू नका, फांदीवरच धरा. एका देठाला तीन पानं. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण वैतागून म्हणतो. आत्ता वैताग बाजूला ठेवून ती तीन पानं मोजा. चामड्यासारखी जाड, वरून गुळगुळीत, शिरा ठळक. याच पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण होतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या खांद्याला हळद नि तूप लावायला हेच पान हातात येतं. फांदीला कोयता लागला की लालसर रस पाझरतो आणि वाळून डिंक होतो. मुळांच्या सालीचे दोर वळले जातात. झाड बुडापासून तोडलं तरी मुळांतून पुन्हा फुटतं.

आता तळहात खोडावर ठेवा. राखी, खडबडीत, वाकडंतिकडं खोड आहे. दाबून पाहा, किती घट्ट आहे. आणि स्वतःला विचारा, हा घट्टपणा आला कुठून?

मनात पहिलं उत्तर येईल, मातीतून. थोडं थांबा. ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँटलाही हाच प्रश्न पडला होता. त्याने 200 पौंड कोरडी माती तोलून एका कुंडीत भरली, त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम दोन औंस घटलेली होती. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली, हा प्रयोग छापून आला. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता. उरलेलं अर्धं हवेतून येतं, हे कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. तुमच्या तळहाताखाली असलेला तो सगळा कार्बन या माळावरच्या हवेतून आला आहे. आणि हवेत तो असतो तरी किती? दहा हजार भागांत जेमतेम चार भाग कार्बन डायऑक्साइड. इतक्या विरळ वायूतून, पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे, उन्हाच्या जोरावर, या झाडाने आपलं अख्खं खोड गोळा केलं आहे.

हे एकदा मनात सावकाश फिरवा. वारा पानांतून जातो. त्यातलं अगदी थोडं पान धरून ठेवतं. त्याची साखर होते. साखरेचे हजारो मणी एकापुढे एक जोडले जातात आणि सेल्युलोजचा धागा तयार होतो. प्रत्येक जोड बसताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हा पाण्याचा रेणू लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता फूल आठवा. आत्ता झाडावर फूल नाही, म्हणून ते आठवणीतूनच आणावं लागेल. फाल्गुन आणा. पानं गळून गेलेली, माळ तांबूस-पिवळा पडलेला, विहिरींचं पाणी खाली गेलेलं. अशा वेळी काळपट, मखमली कळ्यांचे घोस फांद्यांवर येतात आणि पाहता पाहता झाड केशरी होतं. एक फूल मनात जवळ घ्या. बाकदार पाकळी, तिच्या आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र आणि एक सुटा. वास नाही. पळसाच्या फुलाला वास नसल्याबद्दल संस्कृत सुभाषितांनी त्याला पुष्कळ टोमणे मारले आहेत. पण त्याला वासाची गरजच नाही. त्याचं बोलावणं पाखरांना आहे आणि पाखरं रंगावर येतात. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी चोच घालतात आणि कपाळावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातात. खारीसुद्धा येतात. पोरं खाली पडलेली फुलं वेचून रंगपंचमीसाठी उकळत ठेवतात. पुढे चपट्या शेंगा लोंबतात. एका शेंगेत एकच बी, तेही अगदी टोकाला. बाकीची शेंग म्हणजे वाऱ्यावर तरंगायचा पापुद्रा.

एक विचार इथे ठेवा आणि पुढे चला. हे झाड विखुरलेलं गोळा करतं आणि बांधतं. पान, खोड, फूल, बी ही सगळी त्या बांधण्याचीच रूपं.

आता खाली पाहा

मान वळवा. नजर आडव्या लाकडावर आणा. सुरुवातीला मन नाखूश होईल. फुलाच्या आठवणीनंतर कुजकं लाकूड पाहायला ते सहजी तयार होत नाही. त्याला रागावू नका. फक्त नजर तिथेच ठेवा.

एका पंख्याची कड बोटाने हळूच वर उचला. वरचा भाग लोकरी. खालचा भाग मात्र वेगळाच. देठाच्या टोकाकडून कडेपर्यंत बारीक पडदे उलगडत गेलेले, आणि प्रत्येक पडदा लांबीच्या दिशेने मधोमध चिरलेला. हवा कोरडी झाली की या चिरलेल्या पडद्यांच्या कडा आत वळतात आणि बीजाणू तयार करणारा नाजूक भाग झाकून घेतात. पाऊस पडला की काही तासांत पडदे पुन्हा उघडतात आणि बीजाणू सुटू लागतात.

हा पंखा म्हणजे बुरशी नव्हे, बुरशीचं ते फळ आहे. खरी बुरशी लाकडाच्या आत आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या धाग्यांचं जाळं, एकेक धागा केसाहून कितीतरी पट बारीक. तिला तोंड नाही, पोट नाही. धाग्याचं टोक पुढे सरकतं आणि पाचक द्रव्यं बाहेर सोडतं. लाकूड बाहेरच्या बाहेर पचतं. विरघळलेली साखर धागा शोषून घेतो आणि पुन्हा पुढे सरकतो. तिचं पोट म्हणजे हे लाकूडच.

आता तो पाण्याचा रेणू आठवा. झाडाने सेल्युलोजचा प्रत्येक जोड बसवताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकला होता. बुरशी प्रत्येक जोड सोडवताना पाण्याचा एक रेणू आत घालते. झाडाने जिथे गाठ मारली नेमकी तिथेच ती बोट घालते आणि जे बाहेर गेलं होतं तेच परत देऊन गाठ सोडवते. एका जोडामागे एक रेणू, कमी नाही, जास्त नाही. हे वाक्य घेऊन थोडा वेळ बसा.

लाकडात नुसतं सेल्युलोज नसतं. धाग्यांना जखडून ठेवणारं लिग्निन नावाचं चिवट द्रव्य असतं. पंखाबुरशी त्याच्यापुढे तशी दुबळी आहे. ते काम दुसऱ्या बुरश्यांचं. काही बुरश्या लिग्निनही फोडतात. मग उरलेलं लाकूड फिकट, मऊ आणि तंतुमय होतं. काही सेल्युलोज खाऊन लिग्निन बाजूला ठेवतात. मग लाकूड तपकिरी पडतं, चौकोनी चिरा जातात आणि बोटाने दाबलं की भुगा होतो. तुमच्या समोरचं लाकूड दाबून पाहा. कोण येऊन गेलं ते कळेल.

आणखी एक गोष्ट पाहा. पळसाच्या एका फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. या बुरशीत नर-मादी असा भेदच नाही. तिच्यात जोडी जमण्याचे प्रकार वीस हजारांहून जास्त आहेत. दोन धागे भेटले की ते बहुधा एकमेकांना चालतातच. फूल रंगाने बोलावतं आणि पाखराची वाट पाहतं. ही बुरशी वाऱ्यावर बीजाणू सोडते, आणि बहुधा कोणीही भेटलं तरी तिचं काम होतं.

ही सोडवते. झाड बांधतं आणि ही सोडवते. याला चांगलं-वाईट अशी नावं अजून देऊ नका.

दोघांचं थांबणं

बीडमध्ये वर्षाला पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ही सरासरी काही वर्षी नुसती कागदावरच राहते. अशा मुलखात जगायचं तर थांबता आलं पाहिजे. दोघांनाही ते येतं.

पळस पानं टाकून थांबतो. पाणी उडून जाण्याची वाटच बंद करतो, आणि त्या काटकसरीच्या दिवसांत साठवलेल्या शिदोरीवर फुलतो. पंखाबुरशी वाळून थांबते. पडदे मिटते, आक्रसते, कागदासारखी होते. कॅनडात काम करणाऱ्या रेजिनाल्ड बुलर या शास्त्रज्ञाने 1911 मध्ये वाळलेले पंखे काचेच्या नळ्यांत हवा काढून बंद करून ठेवले. पन्नासएक वर्षांनी त्या नळ्या उघडल्या आणि पंख्यांना ओल दिली, तेव्हा पडदे उघडले आणि बीजाणू सुटले. ते पाहायला बुलर स्वतः राहिला नव्हता.

लाकडात शंभराला वीस भागांपेक्षा कमी ओल असेल तर कुजवणारी बुरशी काही करू शकत नाही. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं याची साक्ष देतात. माथ्यावर मातीचा एवढा भार घेऊन तुळया पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या, त्या कोरड्या राहिल्या म्हणून. माळवद गळायला लागलं आणि तुळईचं भिंतीतलं टोक ओलं राहू लागलं की कूज तिथूनच सुरू होते. म्हणून जाणती माणसं मृगाआधी माळवदावर माती ओढून घेत. बुरशीला मारायची गरज नव्हती. तिला पाणी मिळू दिलं नाही की पुरे होतं.

आता या मुलखातल्या माणसांचं वर्ष या दोघांच्या वर्षाशेजारी ठेवा. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. पळस फुलतो तेव्हा त्यांच्या गावचा माळ पाहायला ती घरी नसतात. ती घरी असतात ते पावसाळ्यात, म्हणजे बुरशीच्या दिवसांत. गावच्या पळसाचं फूल त्यांच्या वाट्याला क्वचित येतं. ओल्या लाकडावरचे पंखे मात्र दरवर्षी दाराशी येतात, आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आपण कशाला सुंदर म्हणायला शिकलो आणि कशाकडे पाहायचंच शिकलो नाही, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा. उत्तराची घाई नको.

दोघांची आग

फुललेला पळस पाहून माणसाला वणवा आठवतो. कितीतरी कवींनी त्या झाडाला पेटवलं आहे. पण पळसाच्या फुलात जाळ नसतो.

समोरच्या कुजक्या लाकडाचा एक तुकडा हातात घ्या. तेवढ्याच जाडीची, नुकतीच वाळलेली एक काटकी दुसऱ्या हातात घ्या. कुजका तुकडा पिळून वाळवला असता तर तो किती हलका भरला असता, याचा अंदाज करा. सरपण वेचणाऱ्या बाईला हा अंदाज करावा लागत नाही. ती उचलताच फेकून देते. तिला ठाऊक असतं की असल्या लाकडाला जाळ धरत नाही, नुसता धूर होतो. ते बरोबरच आहे, कारण त्यातलं जळायचं ते बरंचसं आधीच जळून गेलेलं आहे.

चुलीत काय होतं? लाकूड हवेतला प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निघून जातं, आणि उष्णता देतं. बुरशीच्या धाग्यात काय होतं? हेच. चुलीला अर्धा तास लागतो, बुरशीला काही वर्षं. चुलीची उष्णता एकदम येते, म्हणून भाकर भाजते. बुरशीची उष्णता इतकी हळू येते की हाताला लागत नाही. मात्र बुरशी आणि जिवाणू एकाच ढिगावर मिळून कामाला लागले की ती लागते. थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ येते, ती याच जळण्याची.

म्हणजे ज्याला आपण आग म्हणतो तो पळस हवा गोळा करत बसलेला आहे, आणि जी आपल्याला गार, ओली, मेलेली वाटते ती खरोखर जाळते आहे. हे उलटं चित्र डोळ्यांसमोर धरा. वर पाहा, खाली पाहा. पुन्हा वर, पुन्हा खाली.

तुमचा श्वास

आता डोळे मिटा. दोघांना डावी-उजवीकडे तसंच राहू द्या आणि लक्ष श्वासावर आणा.

आत येणाऱ्या श्वासात प्राणवायू आहे. तो झाडाच्या बाजूने आला आहे. बाहेर जाणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे. बुरशीही या क्षणी तेच सोडते आहे. झाड जे करतं ते तुम्ही करू शकत नाही. बुरशी जे करते ते तुम्ही जन्मल्यापासून करत आला आहात.

हे केवळ साम्य नाही, नातं आहे. शाळेत बुरशी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शिकवली जाई. 1969 साली रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि बुरशीला तिचं स्वतंत्र घर दिलं. पुढे जनुकांचा अभ्यास झाला आणि कळलं की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. आपला आणि तिचा सामाईक पूर्वज शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. झाडांची वाट त्याच्याही आधी वेगळी झाली होती. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, किड्यांचं कवच असतं त्याच द्रव्याची. पळस आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात साठवतो. बुरशी ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आणि तुमचं यकृतही ग्लायकोजेनच साठवतं.

आणि म्हणूनच तिला हुंगू नका म्हटलं होतं. ही पंखाबुरशी क्वचित माणसाच्या नाकाच्या पोकळ्यांत किंवा फुप्फुसात वाढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. मणिपूरमध्ये हीच बुरशी चवीने खातात. पण तिथली माणसं तिला पिढ्यान् पिढ्या ओळखतात, आपण ओळखत नाही. रानातली अनोळखी बुरशी आपण खायची नाही. लाकडासारखं माणसातही तिला क्वचित घर करता येतं, एवढं जाणवलं तरी पुरे. भीती वाटली तर ती येऊ द्या आणि श्वासाबरोबर जाऊ द्या.

आता खिशातली भाकर काढा. एक घास तोंडात घ्या. कालवण नाही, मीठ नाही. गिळायची घाई करू नका. सावकाश चावत राहा. मिनिटभराने जिभेला हलका गोडवा जाणवेल. ज्वारीच्या ताटाने उन्हात बसून साखरेचे मणी जोडले होते, त्याचा स्टार्च दाण्यात भरला होता. तुमची लाळ आत्ता ते जोड सोडवते आहे, आणि प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू घालते आहे.

हे बुरशीचंच काम. ती शरीराबाहेर करते, तुम्ही तोंडात करता. सेल्युलोजचे जोड तिला सोडवता येतात, तुम्हाला येत नाहीत. त्या कामात ती तुमच्याहून वरचढ आहे.

इथे हवा तेवढा वेळ थांबा, कारण या मननाचा मुक्काम हा आहे. आपण मनाने नेहमी फुलाच्या बाजूचे असतो. मुलांनी फुलावं, संसार फुलावा, नाव फुलावं. पण देहाने आपण लाकडावरच्या त्या करड्या पंख्यांच्या बाजूचे आहोत. आपण उन्हातून अन्न बांधत नाही. दुसऱ्याने बांधलेलं सोडवून आपण जगतो. प्रत्येक घास, प्रत्येक पाऊल, हे वाचताना मेंदूत होणारी प्रत्येक हालचाल एखाद्या पानाने मारलेली गाठ सोडवून होते आहे.

यात कमीपणा नाही. नुसतं बांधणारेच असते आणि सोडवणारं कोणी नसतं, तर मेलेली झाडं एकमेकांवर रचून पडली असती आणि त्यांत अडकलेलं नत्र, स्फुरद, पालाश पुढच्या रोपाला मिळालं नसतं. वीतभर मातीच्या या माळावर तर मिळालंच नसतं. हलक्या रानातला पळस जो कस खातो, त्यात आधी कुजून गेलेल्या लाकडाचा आणि पाचोळ्याचा मोठा वाटा असतो.

प्रश्न एवढाच उरतो की आपण नीट सोडवतो का.

पत्रावळ

डोळे उघडा. या तिघांची, म्हणजे पळसाची, बुरशीची आणि माणसाची, गाठ एका वस्तूत पडायची. ती वस्तू मनासमोर आणा.

सप्ताह झाला आहे. काल्याचं कीर्तन संपलं आहे. पंगत बसली आहे. समोर पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ आहे. झाडाने बांधलेलं पान, त्यावर ज्वारी-गव्हाने बांधलेलं अन्न, आणि ते सोडवायला बसलेला माणूस. जेवण झालं, पत्रावळी उचलल्या, उकिरड्यावर गेल्या. दोन-तीन पावसांत त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे पसरले. पुढच्या उन्हाळ्यात उकिरडा शेतात गेला. काहीही अडकून राहिलं नाही.

आता तीच पंगत थर्माकोलच्या ताटांवर पाहा. थर्माकोल खनिज तेलापासून होतो, म्हणजे तोही फार पूर्वी कोणीतरी बांधलेलाच कार्बन. पण माणसाने त्याच्या गाठी अशा मारल्या आहेत की त्या सोडवायचं कसब रानातल्या कुजवणाऱ्यांकडे नाही, निदान आपल्या आयुष्याच्या मापात तरी नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. कायदा झाला. तरी ओढ्याकाठची झुडपं पाहिली की कळतं, अशी ताटं अजून कुठून तरी येतातच.

दुसरीकडे जे सहज सुटलं असतं ते आपण पेटवून देतो. उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, बांधावरचा पाला. काडी लावली की कार्बन वर जातो, नत्रही बरंचसं उडून जातं, उरते मूठभर राख. तेच कुजू दिलं असतं तर कार्बनचा काही भाग मातीत राहिला असता आणि त्या मातीने पाऊस धरून ठेवला असता. सुटणारं जाळायचं आणि न सुटणारं टाकायचं, अशी उलटी रीत आपण लावून घेतली आहे.

उठताना

बसल्या जागेवरून दोघांकडे एकदा शेवटचं पाहा. पळसाला मनातल्या मनात नमस्कार करणं सोपं आहे. समिधेत तो आहे, मुंजीच्या दंडात आहे, पोळ्याला आहे. मान त्याला आधीच मिळालेला आहे. आज तोच नमस्कार त्या आडव्या लाकडाकडे वळवून पाहा. जमलं नाही तर सक्ती नाही. निदान निघताना त्या पंख्यांवर पाय देऊ नका आणि लाकूड पालथं करू नका.

या तासाभरातून घरी काही न्यायचं असेल तर तीन कामं न्या. आपल्या बांधावर पडलेलं एखादं खोड सरपणाला न नेता आणि न पेटवता जागेवर राहू द्या. पाचट-पऱ्हाट्या जाळण्याऐवजी कुजवा. आणि गावात पुढचा सप्ताह ठरेल, पंगतीच्या सामानाची यादी होईल, तेव्हा पळसाच्या पत्रावळीसाठी हट्ट धरा. थोडी महाग पडेल, आणायला लांब जावं लागेल, कोणी हसेलही. तरी धरा.